पाड्यावरच्या लोकांना खुला डिजिटल नकाशा काढायला कसे शिकवावे?

अक्राणीची वाट

सर्वांना नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव (अक्राणी) तालुक्यात आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडचे गाव नकाशावर एका ठिपक्याने दाखवलेले असते. प्रत्यक्षात एकेका गावाचे अनेक पाडे असतात आणि पाड्यातली घरेही एकमेकांना लागून नसून ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीच्या उतारावर विखुरलेली असतात. अडलेल्या बाईला न्यायला रात्री निघालेली गाडी गावापर्यंत येते, पण पाड्याचा फाटा चालकाला सापडत नाही. मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी फरशी पुलाच्या अलीकडे अडकली. त्या पुलावरून पाणी जाते, हे चालकाजवळच्या नकाशात कुठेही नव्हते. शेवटी घरच्या लोकांनी झोळी करून तिला नाल्याच्या वरच्या अंगाने उतरवून आणले.

हे पाडे, पायवाटा आणि पाण्याच्या जागा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा खुल्या डिजिटल नकाशावर, याव्यात आणि त्या पाड्यावरच्याच लोकांनी घालाव्यात, अशी माझी इच्छा आहे. सहा पाड्यांतून अठरा जण तयार आहेत. त्यात आशाताई आहेत, कॉलेजला जाणारी मुले आहेत आणि तीन वयस्कर मंडळीही आहेत. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका संस्थेने असे एक दिवसाचे प्रशिक्षण घेतले होते. पडद्यावर इंग्रजी बटणे दाखवली गेली, संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर एकानेही ते संकेतस्थळ पुन्हा उघडले नाही. तसे पुन्हा होऊ नये, म्हणून विचारते. सुरुवात मोबाइलवर करावी की लॅपटॉपवर? नावे कोणत्या भाषेत लिहावीत? आणि मोजणी म्हटले की लोक बिचकतात, त्यांना काय सांगावे?

गिरणाकाठ

ताई, मी पारोळा आणि चाळीसगाव भागात असे वर्ग घेतले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. पहिला अर्धा दिवस मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही बाजूला ठेवावेत आणि अंगणात रांगोळीने किंवा राखेने पाडा काढून घ्यावा. आमच्या एका वर्गात मी कोपऱ्यावर रस्ता आखून दिला आणि म्हटले, आता यावर घरे दाखवा. एका आजीबाईंनी तो रस्ता हाताने पुसला, मधोमध विहीर काढली आणि तिच्यापासून एकेक वाट फोडत नेली. घरे त्या वाटांना लागत गेली आणि रस्ता सर्वांत शेवटी, एका कडेला आला. लोकांच्या डोक्यातला नकाशा पाण्यापासून सुरू होतो, हे मला त्या दिवशी समजले. तेव्हापासून रस्ता आखून देण्याचे मी सोडले आहे. कोणती वाट पावसाळ्यात बंद होते, कुठला उतार गाडीला झेपत नाही, हे याच बसण्यात बाहेर येते, आणि इथे तुमची वयस्कर मंडळी शिकवणारी ठरतात व कॉलेजची मुले ऐकणारी.

दुपारनंतर त्याच पाड्याचे उपग्रह-चित्र उघडावे आणि प्रत्येकाला आपले घर शोधायला सांगावे. वरून घर ओळखणे नवख्याला सोपे जात नाही. त्यासाठी खुणा द्याव्या लागतात: खळे फिकट गोल दिसते, मोठ्या झाडाची सावली झाडापेक्षा ठळक दिसते, पत्रा चकाकतो आणि कौले मातीत मिसळून जातात. ज्याला आपले घर सापडले त्याने तेच घर काढावे, दुसरे नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आयडी या एडिटरमध्ये क्षेत्र काढायचे बटण निवडून चार कोपऱ्यांवर टिचकी मारायची, आकार बंद करायचा आणि क्यू हे अक्षर दाबायचे, म्हणजे कोपरे काटकोनात येतात. मग 'इमारत' निवडून, काय केले ते एका ओळीत लिहून जतन करायचे. आपण काढलेले घर थोड्या वेळाने खऱ्या नकाशावर उमटलेले पाहिले की शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यावर पुढचे सहा महिने काम चालते.

एक सूचना आवर्जून करतो. खाते उघडायला ईमेल लागतो आणि पुष्कळांकडे तो नसतो. अठरा खाती वर्गात उघडायला बसलात तर सकाळ त्यातच जाईल, म्हणून ते काम आदल्या आठवड्यात नेटवर्क मिळेल त्या ठिकाणी उरकून घ्यावे.

पाटकरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र मोबाइलबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते, कारण हल्ली बहुतेक जण नवख्याला थेट स्ट्रीटकम्प्लीट द्या असे सुचवतात. अँड्रॉइडवरचे ते अॅप चांगले आहे, आधी भाग उतरवून घेतला तर नेटवर्क नसतानाही चालते. पण नकाशात जे आधीपासून आहे त्याबद्दलच ते प्रश्न विचारते. या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे, हे ते तेव्हाच विचारेल जेव्हा तो रस्ता कुणीतरी काढलेला असेल. जळगाव शहरात ते तासभर पुरते, तुमच्या कोऱ्या डोंगरावर ते गप्प बसेल. म्हणून आधी चित्रावरून घरे आणि वाटा काढाव्यात, मग मोबाइल हातात द्यावा.

मोबाइलचा खरा उपयोग वाट चालून नोंदवण्यासाठी करावा. जीपीएसची नोंद घेणाऱ्या कोणत्याही अॅपने पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट चालत टिपावी, ती नोंद जीपीएक्स प्रकारच्या फाइलमध्ये जतन करावी आणि ती फाइल आयडीच्या खिडकीत ओढून सोडावी, म्हणजे ती रेघ चित्रावर दिसते. सातपुड्यात हे फार महत्त्वाचे आहे, कारण डोंगराळ भागात उपग्रह-चित्र जमिनीच्या तुलनेत काही मीटर सरकलेले असू शकते. एकाच वाटेच्या तीन-चार नोंदी एका बाजूला पडत असतील, तर चूक चित्राची आहे असे समजावे आणि पार्श्वभूमीच्या सेटिंगमधून ते सरकवून घ्यावे. एकाच नोंदीवर मात्र विसंबू नये. अरुंद नाल्यात आणि कड्याखाली मोबाइलची जागा भरकटते.

टॅगमध्ये, म्हणजे काढलेली गोष्ट काय आहे हे सांगणाऱ्या नोंदीत, नेहमी होणारी एक चूक आत्ताच सांगून ठेवतो. गावांना जोडणाऱ्या साध्या वाहनयोग्य रस्त्यासाठी 'अनक्लासिफाइड' हा प्रकार आहे. नाव ऐकून लोकांना वाटते की ज्याचा प्रकार ठरलेला नाही असा कोणताही रस्ता, आणि मग पायवाटही त्यातच जाते. पायवाटेला 'पाथ', बैलगाडी किंवा ट्रॅक्टरच्या वाटेला 'ट्रॅक'. हा फरक चुकला तर रुग्णवाहिकेला पायवाटेवरून मार्ग दाखवला जाईल. तुमच्या फरशी पुलासाठी स्वतंत्र नोंद आहे: पुलाच्या टॅगला 'लो वॉटर क्रॉसिंग' हे मूल्य द्यावे आणि रस्त्याच्या त्या तुकड्याला 'फ्लड प्रोन' जोडावे. मार्ग दाखवणारे प्रत्येक अॅप ते पाहीलच असे नाही, म्हणून दवाखान्यात लावायचा छापील नकाशा करताना असे पूल लाल रंगात वेगळे दाखवावेत.

खान्देशी बोली

नावांबद्दल लिहितो, कारण तिथे सर्वांत जास्त नुकसान होते. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून, म्हणजे गूगल मॅप्सवरून, नावे किंवा रस्ते उतरवून घेऊ नयेत, हे पहिल्याच दिवशी सांगावे. ओपनस्ट्रीटमॅप 2004 मध्ये सुरू झाला तो याच कारणासाठी, की ज्याचा हक्क कुणा एका कंपनीकडे नाही असा नकाशा असावा. 2012 पासून त्यातली माहिती ओडीबीएल या परवान्याखाली खुली आहे. उतरवलेली माहिती सापडली की ती काढून टाकली जाते आणि शिकणाऱ्याची मेहनत वाया जाते. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आणि वापराची परवानगी असलेल्या चित्रावरून काढलेले, एवढेच घालावे.

पाड्याचे नाव तिथला माणूस जसे उच्चारतो तसे आधी ऐकावे, दोघा-तिघांकडून खात्री करावी, मग देवनागरीत लिहावे. मराठी नावासाठी मूळ नावाच्या टॅगला मराठीचा 'एमआर' हा संकेत जोडतात, अहिराणीचा संकेत 'एएचआर' आहे आणि भिलीचा 'बीएचबी'. धुळ्याकडच्या आमच्या गावांना अहिराणीतले रोजच्या वापरातले नाव आणि कागदावरचे नाव अशी दोन नावे असतात. दोन्ही ठेवता येतात, एकासाठी दुसरे पुसावे लागत नाही. सरकारी कागदावर पाड्याचे नाव चुकीचे असेल, तर ते पर्यायी नाव म्हणून ठेवावे, कारण एखादा चालक त्याच नावाने शोध घेईल.

तुमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली 33 गावे बुडिताखाली आली, आणि त्यांतली काही नावे आता खाली सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतींनाही आहेत. जुने गाव आणि वसाहत या दोन स्वतंत्र जागा म्हणून दाखवाव्यात. एकीचे नाव दुसरीला चिकटले तर गाडी घाट उतरून भलत्याच ठिकाणी जाईल.

गिरणाकाठ

बिचकण्याचा प्रश्न वर राहून गेला. तुमच्याकडचे लोक मोजणीला बिचकतात ते उगाच नव्हे. धरणाची मोजणी झाली तेव्हा जमीन गेली, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर जीपीएस घेऊन कुणी शेतात आले की वनजमिनीच्या दाव्याची मोजणी आली असेच समजले जाते. म्हणून ग्रामसभेत आधीच स्पष्ट सांगावे की या नकाशात मालकी दाखवली जात नाही, यात घर आले म्हणून दावा मंजूर होत नाही आणि घर राहून गेले म्हणून दावा बुडत नाही. हे सांगितले नाही तर लोक आनंदाने शेताच्या हद्दी काढतील, आणि उद्या त्या नकाशाला कोणी सातबाऱ्यासारखा पुरावा मानला नाही की विश्वास तुटेल. घरमालकाचे नाव आणि कुणाच्या घरी कोण आजारी आहे अशी माहिती तर मुळीच घालू नये. ती तुमच्या वहीत राहू द्यावी. देवाच्या जागा आणि औषधी झाडांच्या जागा दाखवायच्या की नाही, हे पाड्यावरच्या जाणत्या मंडळींनी ठरवावे. ते नको म्हणाले तर विषय तिथेच थांबवावा.

परवानगीबद्दल कुणी विचारलेच तर सांगता येईल की केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 15 फेब्रुवारी 2021 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशाची माहिती गोळा करण्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांवरची बंधने मात्र कायम आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अक्राणीची वाट

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी असे ठरवले आहे: आधी ग्रामसभा, मग एका पाड्याच्या अंगणात राखेचा नकाशा, मग प्रत्येकाचे घर, आणि त्यानंतर दर आठवडी बाजाराच्या दिवशी धडगावला दोन तास एकत्र बसणे, कारण त्या दिवशी सगळे खाली येतातच आणि नेटवर्कही मिळते. पहिल्या महिन्यात फक्त घरे, वाटा आणि पाणी, दुसरे काही नाही. एक शंका राहिली. आमच्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी काढतात, त्याला झिरा म्हणतात. दरवर्षी त्याची जागा थोडी बदलते. तो कसा दाखवावा?

पाटकरी

जागा बदलत असेल तर तो नकाशावर कायमचा बिंदू म्हणून घालू नये. जिवंत झरा असेल तर 'स्प्रिंग' आणि तो हंगामी असल्याची नोंद करावी. विहिरीला 'वॉटर वेल', आणि हापशी असेल तर त्यासोबत हाताने चालणारा पंप असल्याचे लिहावे. झिऱ्यासाठी मी उमॅप या संकेतस्थळावर वेगळा थर केला असता, ज्यात आशाताईंनी दर मार्चमध्ये जागा बदलून घ्यावी. तो थर ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावरच दिसतो, पण मूळ माहितीत मिसळत नाही. वाळूतला तो पट्टा दरवर्षी साधारण एकाच वळणावर येत असेल तर तेवढे वळण कळवा, आपण मिळून पाहू.