चर्चा: झाडीपट्टीवरचे विद्यार्थी-प्रकल्प – बाइंडिंग केलेली फाइल हवी की रात्रभर जागलेला विद्यार्थी?

धानाचा_बांध:
पदवीला फील्ड प्रोजेक्ट आल्यापासून आमच्याकडच्या पोरांना हमखास मिळणारा विषय म्हणजे 'झाडीपट्टीचे साहित्य व संस्कृती'. हातात येते स्पायरल बाइंडिंग. झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातले भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे जिल्हे, गडचिरोलीतलं वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं माहेरघर, नाटकाच्या मुळाशी दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ची पद्मश्री. सगळं बरोबर आणि सगळं गूगलवरचं. लिहिणारा मात्र त्याच मातीतला! नाटकाच्या दिवशी त्याच्याच घरी किती पाहुणे उतरले, ते फाइलीत नाही.

माझं म्हणणं, विषय छोटा करा. एक गाव, एक मंडई (म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा), एक नाटक. पत्रक जपून आणा. मंडळानं कंपनीला किती मोजले, वर्गणी निघाली की तिकीट लावलं, प्रॉम्प्टर कुठे बसला, कोणत्या गाण्याला वन्स मोअर आला, हे लिहा. दहा पानं पुरे. नेटवरून उतरवलेल्या फाइलीला शून्य.

खडू_डस्टर:
शून्य द्यायला काय जातं तुमचं! वर्गात साठ-सत्तर मुलं, मार्गदर्शक मी एकटी. नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं, उजाडेपर्यंत चालतं. मुलींना पाठवायचं कोणाच्या भरवशावर? काही झालं तर प्राचार्य तुम्हाला नाही, मला बोलावतील. आणि हंगाम भाऊबीजेनंतर सुरू होतो, तेव्हा आमच्या परीक्षा तोंडावर.

दुसरं म्हणजे, वाचून लिहिणं इतकं हलकं का धरता? फक्त 'आमच्या गावी असं असतं' लिहिणाऱ्या मुलाला दशावताराशी ताडून पाहायला कोण शिकवणार?

शंकरपट_फॅन:
मॅडम, आमच्याकडं मायबापच पोरीले संगं घेऊन नाटकाले बसतात. सोयरिकी तिथंच जुळतात. भिऊन कायले राहिले?
एक विषय फुकटात देतो. २०१४ ले कोर्टानं बैलांच्या शर्यतीवर, म्हणजे आमच्या शंकरपटावर, बंदी आणली, पट बसले ते डिसेंबर २०२१ पर्यंत. पटाच्या निमित्तानं होणाऱ्या नाटकांचं त्या वर्षांत काय झालं, हे मंडळाच्या जुन्या माणसाले विचारा. अशी फाइल मी तरी पाहिली नाही.

कोरा_कागद:
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. विषयात 'साहित्य' आहे ना? मग संहिता कुठे आहे? बहुतेक नाटकं कंपनीच्या वहीत असतात, छापील हाती लागत नाही. पोरगं मोबाइलवर अर्धं नाटक रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकेल आणि लेखकाच्या पोटावर पाय येईल. शिवाय प्रत्येक प्रकल्पाचा शेवट 'ही थोर लोककला जपली पाहिजे' असाच. पत्रकावर टीव्हीतल्या नटाचा फोटो सगळ्यात मोठा असतो, मधेच रेकॉर्ड डान्स घुसवतात, हे लिहायची हिंमत आहे का कोणात?

धानाचा_बांध:
@कोरा_कागद, तेच तर लिहायचं! डान्स का ठेवता, हे खजिनदाराला विचारलं की तो गल्ल्याचा हिशेबच मांडेल. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग नको, हे मान्य. लेखकाचं नाव पत्रकावरून उतरवून घ्या, शक्य असेल तर त्याला भेटा.
@खडू_डस्टर, परीक्षेचा मुद्दा खरा आहे. प्रकल्प दुसऱ्या सत्रात द्या. जानेवारी-फेब्रुवारीत नाटकं जोरात असतात. मुली आपल्याच गावातलं नाटक घेतील. पण दशावताराशी तुलना करायला आधी स्वतःचं नाटक नीट पाहिलेलं असावं लागतं, ते फाइलीत दिसत नाही.

खडू_डस्टर:
दुसरं सत्र चालेल. पण आमच्या गुणतक्त्यात संदर्भसूचीला गुण आहेत, नाटक पाहिल्याला नाहीत. तो रकाना माझ्या हातात नाही. तोवर फाइल घेईनच, तोंडीला मात्र पत्रक आणायला सांगेन आणि प्रॉम्प्टरचं विचारेन.

शंकरपट_फॅन:
पत्रक तर शेजारच्या घरूनही आणतील, मॅडम. दुसऱ्या अंकात काय झालं ते विचारा.