मदत हवी आहे: पासपोर्ट संपत आलाय, अफगाण कॉन्सुलेटला जावं की यूएनएचसीआरकडे (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे)?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज, हातात वेळ कमी आहे.

आम्ही पुण्यात कोंढव्याला राहतो, वरचा फ्लॅट भाड्याने दिलाय. चार वर्षांपासून तिथे एक अफगाण जोडपं आहे, दोघंही पुण्यात शिकायला आलेले, मुलगी इथेच झाली, आता तीन वर्षांची आहे आणि मला नानी म्हणते. नावं लिहीत नाही, तिकडे घरच्यांना त्रास नको. सी फॉर्म (परदेशी माणूस घरात राहतो याची घरमालकाने द्यायची माहिती) ऑनलाइन भरणं, त्यांच्याबरोबर एफआरओमध्ये, म्हणजे परदेशी नोंदणी कार्यालयात, जाऊन बसणं हे सगळं मी केलंय त्यामुळे कागदपत्रांची थोडी सवय आहे, पण आता जे समोर आलंय ते माझ्या आवाक्यातलं नाही.

तिच्या नवऱ्याची पीएचडी संपली. इतके दिवस ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकायचा, कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं की व्हिसाची मुदत वाढायची. आता बोनाफाईड कुठून आणणार? त्यात बायकोचा पासपोर्ट दोन महिन्यांत संपतोय. पासपोर्ट नाही तर व्हिसा वाढणार नाही, आणि पासपोर्ट रिन्यू करायचा तर मुंबईच्या अफगाण कॉन्सुलेटला जायचं, जिथे नोव्हेंबर २०२४ पासून तालिबानने नेमलेला माणूस आहे. तिचा भाऊ जुन्या सरकारच्या सैन्यात होता. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हापासून तो लपूनछपून राहतोय. ती म्हणते, "काकू, मी तिथे जाऊन वडिलांचं नाव, गावाचा पत्ता कसा लिहून देऊ?"

परत जायचा तर विषयच नाही. तिची धाकटी बहीण तिकडे मजार-ए-शरीफ शहरात, सातवीत असताना सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये युनिव्हर्सिट्याही बंद केल्या, ती पोर आज घरात बसून गालिच्याची कामं करते. हिच्या मुलीला कुठल्या तोंडाने तिकडे न्यायचं सांगा.

काल रात्री ती सगळे कागद घेऊन खाली आली. रुमालात गुंडाळलेला तझकिरा म्हणजे त्यांचं ओळखपत्र, दोघांच्या डिग्र्या, मुलीचा मनपाचा जन्मदाखला. एकेक कागद ओट्यावर ठेवायच्या आधी ओटा ओला नाही ना हे हात फिरवून बघत होती. मला पुढे काही बोलवेना.

तर माझे प्रश्न: कॉन्सुलेटला न जाता काही मार्ग आहे का? दिल्लीला यूएनएचसीआरकडे नोंदणी कशी करतात, लेकराला घेऊन जावं लागतं का, नोंदणी झाल्यावर पुण्यात राहता येतं की दिल्लीलाच राहायला जावं लागतं? शाळेत आधार मागतात, त्याचं काय करायचं? आणि एका एजंटने तीन आठवड्यांत यूएनचं कार्ड आणि नंतर कॅनडा, माणशी चाळीस हजार, असं सांगून तिच्या नवऱ्याकडून दहा हजार घेतलेत, आता फोन उचलत नाही. हा प्रकार खरा असतो का?

प्रतिसाद:
ताई, आधी एजंटचं. यूएनएचसीआरची नोंदणी, मुलाखत, कार्ड, सगळं फुकट असतं, एक रुपया लागत नाही. पुढचे पैसे अजिबात देऊ नका आणि मेसेज डिलीट करू नका, तक्रारीला लागतील. मी दिल्लीत या लोकांबरोबर काही वर्षं काम केलंय. त्यांच्या वेबसाइटवर नोंदणीचा फॉर्म आहे, तो भरून ईमेल करायचा, मग तारीख मिळते. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी जायचं, बाळानेसुद्धा, नाहीतर तिचं नाव कुटुंबाच्या फाईलवर यायचं राहून जातं. आधी अंडर कन्सिडरेशनचा, म्हणजे अर्ज विचाराधीन असल्याचा, कागद मिळतो, नंतर मुलाखत होते आणि मान्य झालं तर रेफ्युजी कार्ड. यात महिने जातात, कधी त्याहून जास्त. पुण्यात राहता येतं, पण पत्ता आणि फोन बदलला तर लगेच कळवा, फोन लागला नाही म्हणून लोकांच्या तारखा गेलेल्या मी पाहिल्यात. आणि कॅनडा मनातून काढून टाका. जगभरातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी १ टक्क्याहूनही कमी लोकांना तिसऱ्या देशात जायला मिळतं.

प्रतिसाद:
वकील आहे म्हणून लिहितो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे यूएनचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हे त्या दोघांना नीट समजवा. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा लागू आहे, मुदत संपल्यावर राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून मुदत संपायच्या आधीच एफआरओकडे लेखी अर्ज द्या, भीतीचं कारण स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. गृहमंत्रालयाची २०११ ची एसओपी (ठरवून दिलेली कार्यपद्धती) आहे, तिच्यात निर्वासित म्हणून दावा करणाऱ्यांना लाँग टर्म व्हिसा द्यायची सोय आहे. सीएएचा यांना उपयोग नाही. पासपोर्टबद्दल एवढंच सांगतो की ज्या सरकारची भीती आहे असं आपण म्हणतो त्याच्याच दारात जाऊन स्वतःहून पासपोर्ट घेतला तर दावा कमकुवत होऊ शकतो, तेव्हा यूएनएचसीआरशी बोलल्याशिवाय मुंबईला जाऊ देऊ नका. १९९६ च्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम २१ (जगण्याचा हक्क) परदेशी माणसालाही लागू आहे असं सांगितलंय, वेळ आली तर तो आधार आहे. मुलगी पुण्यात जन्मली तरी भारतीय नागरिक होत नाही, पण जन्मदाखला जिवापाड जपा, तिची ओळख पटवणारा पहिला कागद तोच. शाळेत तोच दाखवा, आधार नाही म्हणून प्रवेश नाकारू देऊ नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी तिने फॉर्म भरला, मी शेजारी बसून स्पेलिंग तपासलं, कारण पासपोर्टवर आणि डिग्रीवर नावात एका अक्षराचा फरक आहे. तो फरक ईमेलमध्ये वेगळा लिहून पाठवला. एफआरओचा अर्ज सोमवारी देतोय. माझं माहेर कोल्हापूरचं, दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश लोक येऊन राहिले होते. आजी त्यांच्या बायकांना भाजी विकायची आणि त्यांची आठवण मरेपर्यंत काढायची, तीच सारखी डोळ्यासमोर येतेय.

आता एकच, तारीख आली की तिघांना दिल्लीत दोन-तीन रात्री राहावं लागेल. अफगाण पासपोर्ट बघून लॉजवाले नाही म्हणतात असा त्यांचा अनुभव आहे. वसंत विहारच्या (यूएनएचसीआरच्या ऑफिसच्या) जवळपास कोणाचं घर असेल, किंवा सी फॉर्म भरून ठेवून घेणारी एखादी जागा माहीत असेल, तर मला मेसेज करा.