बैठकीतील चेष्टा मनाला लागली, तर बोलावे की सोडून द्यावे?

प्रश्न विचारणारे: परभणीकर (सध्या सातारा)

मी मूळचा परभणी जिल्ह्यातील असून सध्या सातारा एमआयडीसीतील एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागात काम करतो. पुरवठादारांची बिले तपासून ती पैसे देण्यासाठी मंजुरीला पाठवणे, हे काम माझ्याकडे आहे. कार्यालयातील वातावरण मोकळे आहे. चहाच्या वेळी एकमेकांची फिरकी घेण्याची पद्धत आहे आणि मी नवीन असल्यामुळे सुरुवातीला माझ्या बोलण्याची पुष्कळ नक्कल झाली. ‘काय करायलास?’ असे मी कोणाला विचारले, की पलीकडच्या टेबलांवरून तेच वाक्य दोन-तीन आवाजांत परत येत असे. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. उलट मीही त्यांच्या ‘काय करतुयास’ची नक्कल करू लागलो आणि ओळखी त्यातूनच वाढल्या.

माझी अडचण निराळी आहे. मासिक आढावा बैठकीत, कारखान्याचे प्रमुख समोर बसलेले असताना, खरेदी विभागातील एक सहकारी म्हणाले, “बिल ह्यांच्या टेबलावर गेलं, की थेट त्याचं वर्षश्राद्धच घालायचं.” सगळे हसले, प्रमुखही हसले आणि मीही चेहरा सांभाळण्यापुरता हसलो. पुढे ते वाक्य कार्यालयात रूढच झाले आणि एका पुरवठादाराने मला दूरध्वनीवर, हसत हसतच, “आमचं वर्षश्राद्ध कधी?” असे विचारले. बैठकीतले बोलणे बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचले, हे मला फार लागले. तेव्हापासून मी चहाला जाणे सोडले असून कामापुरतेच बोलतो. त्यावर आता “ह्यांच्याशी बोलायचं तर आधी अर्ज द्यायला पाहिजे” अशी नवी चेष्टा सुरू झाली आहे.

बिले माझ्याकडे थांबतात हे खरे आहे. परंतु पुरवठादाराने आपले जीएसटीचे विवरणपत्र वेळेवर भरले नाही, तर ते बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर दरमहा तयार होणाऱ्या आमच्या खरेदीच्या यादीत) दिसत नाही आणि ते दिसल्याशिवाय आम्हाला कराची वजावट घेता येत नाही. अशी बिले मी रोखून धरतो. मार्चअखेरीस वार्षिक मूल्यमापन आहे. मी उगाच हळवा होत आहे का? आणि बोलायचे ठरवले, तर ते तक्रारखोरपणाचे न वाटता कसे बोलावे?

—

उत्तर: विश्रामबागकर (सांगली)

तुम्ही हळवे असता, तर बोलण्याच्या नकलेनेच दुखावला असता. परक्या माणसाला ती चेष्टा अधिक झोंबते आणि ती तुम्ही नुसती पचवली नाही, तर परतही केली. तेव्हा स्वभावाचा प्रश्न बाजूला ठेवावा आणि दोन चेष्टांमध्ये फरक काय आहे, तेवढे पाहावे. नकलेमध्ये तुमच्याविषयी कोणतेही विधान नव्हते. वर्षश्राद्धाच्या वाक्यात मात्र एक सरळ विधान आहे, ते असे की हा माणूस काम अडवून ठेवतो. आणि ते विधान तुमचे मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीसमोर केले गेले. तेच वाक्य कोणी गंभीर चेहऱ्याने उच्चारले असते, तर तुम्ही तिथल्या तिथे कारण सांगितले असते. ते हसत उच्चारल्यामुळे उत्तर देण्याची वाट बंद झाली, कारण चेष्टेला आकडेवारीने उत्तर देणारा माणूस नेहमीच हास्यास्पद दिसतो. तुम्हाला लागले ते हेच असावे, असा माझा तर्क आहे.

मी एका सहकारी संस्थेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. खरेदी आणि लेखा या दोन विभागांमधली चेष्टा निव्वळ चेष्टा असल्याचे माझ्या उभ्या नोकरीत क्वचितच आढळले. तिच्या पोटात बहुधा तक्रार असते. तुमच्या सहकाऱ्यांच्या जागी बसून पाहा. पुरवठादार मालासाठी त्यांना ओळखतो आणि पैसे थकले की सकाळ-संध्याकाळ त्यांनाच फोन करतो. त्यातला एखादा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करारात कितीही मुदत लिहिली असली तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याजाचे देणे लागू होते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत थकलेली अशी रक्कम प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणजे तुम्ही जीएसटीची वजावट वाचवण्यासाठी बिल रोखता, तेव्हा दुसऱ्या बाजूने व्याज आणि प्राप्तिकर वाढण्याची शक्यता निर्माण होते. ही गोष्ट तुमच्या सहकाऱ्यांना नीट मांडता येत नसेल, किंवा बैठकीत मांडण्याचे धाडस होत नसेल, म्हणून ती वर्षश्राद्धाच्या रूपाने बाहेर पडली असेल.

यावर अनेक कारखान्यांत वापरला जाणारा तोडगा असा आहे की बिलाची मूळ रक्कम मुदतीत द्यावी आणि केवळ कराची रक्कम, बिल २बी मध्ये दिसेपर्यंत, राखून ठेवावी. त्यासाठी खरेदी आदेशातच तशी अट घालावी लागते आणि वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते. हा प्रस्ताव तुम्ही स्वतः घेऊन त्या सहकाऱ्यांकडे गेलात, तर चेष्टेच्या पोटातली तक्रार संपते. मग चेष्टा उरली तरी तिला फारसा दात राहणार नाही.

—

उत्तर: कोरेगावकर

विश्रामबागकरांनी हिशेब उत्तम समजावला, परंतु मला प्रश्नकर्त्यांच्या वागण्याचा दुसरा भाग अधिक गंभीर वाटतो. एका माणसाने एक वाक्य उच्चारले आणि शिक्षा मिळाली चहाला बसणाऱ्या सगळ्या टेबलाला. त्यातल्या बहुतेकांना आपण काय केले हे ठाऊकही नसेल. आपल्याकडे अबोला धरणाऱ्याला कोणी कारण विचारायला जात नाही. ‘लई शहाणा लागून गेला’ म्हणतात आणि पुढे चालतात. दुसरे असे की साताऱ्याकडची भाषाच रांगडी आहे. इथे ‘मर्दा’ आणि ‘गड्या’ म्हणताना जी आपुलकी असते, तीच वर्षश्राद्ध घालताना असते. परभणीचे बोलणेही काही फार मुलायम नाही, तेव्हा हे समजायला त्यांना जड जाऊ नये. उद्यापासून चहाला जावे आणि पहिला टोमणा स्वतःच स्वतःला मारावा, एवढे माझे म्हणणे आहे.

—

उत्तर: मिरजेची वाचक

मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते आणि अशी प्रकरणे माझ्याकडे बहुतेक वेळा चिघळल्यावरच येतात. अबोला सोडावा, याबाबत मी कोरेगावकरांशी सहमत आहे. रांगड्या भाषेचे समर्थन मात्र मला मान्य नाही. रांगडे बोलणारी आपली माणसे कोणासमोर काय बोलावे, हे अचूक जाणतात. मोठ्यांसमोर, पाहुण्यांसमोर आणि साहेबांसमोर त्यांची भाषा आपोआप ‘अहो-जाहो’वर येते. त्या सहकाऱ्यांनी कारखाना प्रमुखांची चेष्टा केली नाही, हे लक्षात घ्यावे. खोलीत कोण बसले आहे याचे भान त्यांना पूर्ण होते. स्वतःवरच टोमणा मारण्याचा सल्लाही येथे उपयोगाचा नाही. ‘हो, माझ्याकडे बिले मरतात’ असे त्यांनी स्वतःच हसून म्हटले, तर प्रमुखांच्या दृष्टीने तो कबुलीजबाबच ठरेल.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात थट्टेच्या नात्यांचा विचार केला आहे. काही नात्यांमध्ये एकाला दुसऱ्याची थट्टा करण्याची मुभा असते, कधी कधी तर ती करणे अपेक्षितच असते, आणि दुसऱ्याने त्याचा राग मानायचा नसतो. आपल्याकडे दीर-भावजय किंवा मेहुणा-मेहुणी यांचे नाते असेच मानले जाते. तिथे मुभा नात्यानेच दिलेली असते आणि तिची हद्दही सगळ्यांना ठाऊक असते. दीर जे भावजयीला बोलतो, ते तिच्या जावेला बोलेलच असे नाही. कार्यालयात असे ठरलेले काहीच नसते. ती मुभा दोन माणसांनी हळूहळू एकमेकांना द्यायची असते. भाषेच्या नकलेची मुभा तुम्ही दिली होती, कारण तुम्हीही नक्कल परत करत होता. कामाविषयीची मुभा तुम्ही दिलेली नव्हती, आणि बैठकीत तुम्ही खरेदी विभागाविषयी असेच वाक्य बोलला असता तर ते चालले असते का, हे स्वतःला विचारून पाहावे. चालले नसते, असे उत्तर आले, तर ती बरोबरीची चेष्टा नव्हती.

तरीही त्या सहकाऱ्यांचा हेतू दुष्ट होता, असे मी म्हणणार नाही. जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की चेष्टा करणाऱ्याला आपली चेष्टा जितकी निरुपद्रवी वाटते, तितकी ती ज्याची केली त्याला वाटत नाही. करणाऱ्याला स्वतःचा हेतू आतून माहीत असतो आणि तो समोरच्यालाही दिसत असणार, असे तो गृहीत धरतो. म्हणून ‘तुम्ही माझा अपमान केला’ अशी सुरुवात करू नये. त्यावर ‘तसा हेतू नव्हता’ हे उत्तर तयारच असते, बहुधा ते खरेही असते आणि संभाषण तिथेच संपते. हेतूऐवजी परिणाम सांगावा: अमुक पुरवठादाराने मला असे विचारले, बाहेरच्या माणसापर्यंत हे जाणे आपल्या दोघांच्याही हिताचे नाही. हे एकट्याने भेटून, दोन वाक्यांत आणि कामाच्या वेळेत सांगावे. चहाच्या टपरीवर सांगू नये, कारण तिथे ऐकणारे गोळा होतात.

एक गोष्ट येथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते. वरील सगळा समजूतदारपणा याच जातीच्या चेष्टेपुरता आहे. महिला सहकाऱ्याला उद्देशून लैंगिक सूचकतेचे बोलणे झाले, तर ते हसत बोलले होते या सबबीला कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात जागा नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील, तर अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवून मिळू शकते. जातीवरून केलेल्या ‘विनोदा’च्या बाबतीतही समोरच्याने समजून घ्यावे, असा सल्ला मी कोणाला देणार नाही.

—

प्रश्नकर्ते: परभणीकर

सर्वांचे आभार. काल दुपारी मी त्या सहकाऱ्यांना त्यांच्या केबिनमध्ये भेटलो. पुरवठादाराच्या फोनविषयी सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि नंतर म्हणाले, “एवढं मनावर घेतलंत होय? मला वाटलं कामाचा ताण असंल म्हणून बोलत नाही.” दिलगिरी अशी त्यांनी व्यक्त केली नाही. परंतु नंतर अर्धा तास ते स्वतःविषयीच बोलत होते. दोन लहान पुरवठादार त्यांना दररोज फोन करतात, एकाने पुढचा माल देणे थांबवण्याची भाषा केली आहे आणि त्याबद्दल प्रमुखांनी त्यांना बैठकीच्या आधी सुनावले होते. म्हणजे त्या बैठकीत ते स्वतःच अडचणीत होते, हे मला ठाऊक नव्हते. त्या दोन्ही पुरवठादारांची बिले मी पाहिली. ते तीन महिन्यांतून एकदा विवरणपत्र भरणारे आहेत आणि मधल्या महिन्यांची बिले पोर्टलवर टाकण्याची ऐच्छिक सोय ते वापरत नाहीत, त्यामुळे त्यांची बिले आमच्या २बी मध्ये तिमाही संपल्यावरच उमटतात. मूळ रक्कम आधी देण्याचा प्रस्ताव आम्ही दोघांच्या सहीने वित्त प्रमुखांकडे पाठवत आहोत.

आज चहाला गेलो. अर्जाची चेष्टा झाली आणि ती मी चालवून घेतली. शंका एवढीच उरते, की पुढच्या बैठकीत प्रमुखांसमोर पुन्हा तेच वाक्य निघाले तर काय करावे?

—

उत्तर: विश्रामबागकर (सांगली)

बैठकीत उत्तर शोधण्याची वेळ येऊ देऊ नका. जीएसटीआर-२बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. १५ किंवा १६ तारखेला थांबलेल्या बिलांची एक यादी खरेदी विभागाला आणि प्रमुखांना नियमाने पाठवत जा. त्यात पुरवठादार, रक्कम, थांबण्याचे कारण, ४५ दिवस कधी पुरे होतात ती तारीख आणि कोणाकडून काय हवे आहे, एवढेच रकाने ठेवा. स्पष्टीकरणाचे पत्र जोडू नका. मग वर्षश्राद्धाचे वाक्य निघालेच, तर ‘यादीतील चौथे आणि सातवे बिल पुरवठादाराकडे अडले आहे, त्यांना आज फोन होईल का?’ असे शांतपणे विचारा. तुमचे सहकारी स्वतःच त्या फोनसाठी उठतील, असे त्यांच्या कालच्या बोलण्यावरून वाटते.

—

उत्तर: कोरेगावकर

रांगड्या भाषेच्या मुद्द्यावर मिरजेच्या बाईंशी माझे मतभेद कायम आहेत, तरी साहेबांसमोर भाषा बदलते हे त्यांचे निरीक्षण नाकारता येत नाही. परभणीकर, त्या यादीची एक प्रत पुरवठादाराचा फोन घेणाऱ्या माणसालाही द्या. पैसे का थांबले हे त्याला सांगता आले, की तो बाहेर वर्षश्राद्धाच्या गोष्टी सांगत बसणार नाही.