८ फुटी खोलीत खर्ज घुमतोय, स्पीकर बदलू की खोली सुधारू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी शिरलं, तेव्हापासून गाणं ऐकायचं सगळं सामान माडीवरच्या खोलीत आहे. खोली १२ फूट लांब, ८ फूट रुंद, छतही ८ फुटांवर.

बाबा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा) गायचे. त्यांच्या रियाजाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि त्या नीट ऐकता याव्यात म्हणून साडेसहा इंची वूफरचे, मागे पोर्ट (हवेसाठीचं भोक) असलेले बुकशेल्फ स्पीकर घेतले. ते लांबीच्या भिंतीशी आहेत, समोरच्या भिंतीला दिवाण. तंबोऱ्याचा पंचम, जोडाच्या तारा सुरेख येतात. चौथी, खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार आली की आवाज असा फुगतो की पुढचा पंचम त्याखाली बुडतो. डग्ग्याचंही तेच. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या बायकांच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र हा त्रास जवळजवळ नाही.

म्हणून हिशेब केला. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, ८ फूट म्हणजे २.४४ मीटर. वेगाला त्याच्या दुपटीने भागलं की त्या दोन भिंतींमध्ये जो सूर घुमतो तो मिळतो, ७० हर्ट्झ. काळी एकचा खर्ज ६९! त्यात रुंदी आणि उंची सारखीच, म्हणजे दोन्हींचा घुमणारा सूर एकच.

मग फोन अँपला जोडून ६९ हर्ट्झचा नुसता सूर लावला आणि खोलीभर फिरलो. दिवाणावर भिंतीला डोकं टेकलं की कानात दडे बसतात, लोखंडी कपाटाची कडी थरथरते. चार फूट पुढे, खोलीच्या मध्यावर खुर्चीत बसलो तर सूर जवळपास गायब.

स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे घेतले, पोर्टमध्ये मोजे कोंबले, थोडा फरक पडला. एक इंची फोम लावून मात्र फसलो. टाळीचा खणखणाट गेला, खर्ज तसाच, आणि वरचे सूर दबल्यामुळे तो जास्तच अंगावर येतो. ७० हर्ट्झची पाव लाटच चार फुटांची, तिथे फोम किंवा अंड्यांचे ट्रे काय करणार?

दुकानदार महिनाअखेरपर्यंत हे परत घेऊन पाच इंची, बिनपोर्टचे स्पीकर द्यायला तयार आहे. पण त्यात खर्ज फुगण्याऐवजी हरवेल अशी मला भीती वाटते. माझा कल स्पीकर ८ फुटी भिंतीला फिरवण्याकडे आहे. मग लांबीचा सूर ४७ हर्ट्झचा, तो बाबांच्या गाण्यात नाहीच. अडचण एवढीच की त्या भिंतीत डाव्या कोपऱ्याला दार आहे, उजवीकडे सलग भिंत. यामुळे डावं-उजवं फार बिघडेल का?

आणि कोपऱ्यांत चार इंची रॉकवूल (दगडी लोकरीचे जाड थर) बसवावं, की पिंजाऱ्याने भरलेल्या जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या केल्या तरी चालेल? गाद्या कुणी स्वतः वापरून पाहिल्यात का?

बाबांचा मिरजेचा तंबोरा याच खोलीत आहे. तो छेडला की खर्ज कसा शांत, जमिनीलगत राहतो ते मी रोज ऐकतो. स्पीकरमधून त्याच्या जवळपास जाता येईल का?