साखरपुड्याच्या अंगठ्या: घरच्या सोनाराकडे की शोरूममध्ये? (तातडीने मदत हवी आहे)

मृण्मयी_कोथरूड: नमस्कार. आमचे घरचे सोनार रविवार पेठेत आहेत, आईचं मंगळसूत्रही त्यांच्याच हातचं. मुलाकडचे म्हणतात लक्ष्मी रोडवरच्या मोठ्या शोरूममधून घ्या. दोन्हीकडे जाऊन आले, काही सुचत नाहीये. कुठे करू? प्लीज लवकर सांगा.

पेठकर: बजेट? किती कॅरेट? खडा आहे का? साखरपुडा कधी?

साताऱ्याची_वहिनी: डोळे झाकून घरचा सोनार! घडणावळ कमी आणि हवं तसं करून मिळतं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच घर.

कर्वेनगरचा_काका: वहिनी, डोळे उघडे ठेवूनच जायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या (शुद्धतेच्या शिक्क्याच्या) दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, लागतो. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की शुद्धता दिसते. तुमचे सोनार देतात का?

साताऱ्याची_वहिनी: ४० लाखांच्या आत उलाढाल असेल तर सक्ती नाही, २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्यालाही नाही. हॉलमार्क नाही म्हणजे फसवणूक, असं नसतं.

कर्वेनगरचा_काका: नसेल. पण उद्या मोडायला दुसऱ्या सराफाकडे गेलात की तो तुमचा विश्वास नाही, टंच (सोन्याची शुद्धता) बघतो.

नेने_डोंबिवली: प्लॅटिनम घ्या, रंग जात नाही.

मृण्मयी_कोथरूड: प्लॅटिनम नको. माझी हिऱ्याची, त्याची साधी. सोनं आजीच्या पाटल्यांचं आहे, ते मोडूनच करायचंय. तुळशीच्या लग्नानंतर लगेच कार्यक्रम.

पेठकर: अहो, मग सगळा प्रश्नच बदलला! शोरूममध्ये पाटल्यांची किंमत लावून दुसऱ्या सोन्याची तयार अंगठी देतात. आजीचंच सोनं बोटात हवं असेल तर सोनारच. समोर बसून आटवून घ्या, आधी आणि नंतर वजन करा. जुन्या पाटल्यांच्या जोडाला डाक (सांधायचा हलका धातू) असतो, त्यामुळे आटवल्यावर टंच थोडा कमी भरतो, त्यावरून भांडू नका. हिऱ्याची १८ कॅरेटमध्ये करा (७५० चा शिक्का). २२ कॅरेट मऊ पडतं, खडा धरणारे दाते वाकतात. माझ्या बहिणीच्या अंगठीचा एक दाता उचलला होता, शालूच्या जरीत अडकून धागा ओढला गेला, तेव्हा कळलं की हिरा हलतोय. हिरा वेगळा घ्या, जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या प्रमाणपत्रासह.

अपर्णा_औंध: कार्यालय मिळालं का? तुळशीच्या लग्नानंतर तारखा पटापट जातात.

कर्वेनगरचा_काका: पेठकरांशी सहमत, पण सोनारांची बीआयएस नोंदणी आहे का विचारा. नोंदणी असलेल्या सराफालाच हॉलमार्क करून आणता येतो. नसेल तर तयार अंगठी स्वतः मान्यताप्राप्त केंद्रात नेऊन फी भरून तपासता येते. आणि पक्कं बिल घ्या, जीएसटी वाचवायला जाऊ नका.

मृण्मयी_कोथरूड: फोन केला. नोंदणी आहे, समोर आटवतील. माझी त्यांच्याकडे आणि त्याची शोरूममधून घेतली तर चालेल ना? मुलाकडच्यांचंही मन राहील.

साताऱ्याची_वहिनी: का नाही चालणार! फक्त त्याच्या बोटाचं माप सांध्यावरून अंगठी जाईल असं घ्या, आणि सकाळच्या थंडीत घेऊ नका, बोटं आखडलेली असतात.