काच-पीपी प्रेसमधे दाबलं, पण मधलं कापड कोरडंच राहतंय

शिरोलीचा_प्रेसवाला:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत छोटं शेड आहे, आजवर पॉलिस्टर रेझिनची एफआरपी (काचेचे धागे घातलेलं प्लास्टिक) कव्हरंच केली. आता एका गिऱ्हाईकाला आपटलं तरी तडकणार नाही असं पीपी (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक) आणि काचेच्या कापडाचं कव्हर पाहिजे. प्रेस 60 टनी, डाय 30 बाय 30 सेंटीमीटर. 4 कापडं एकावर एक, वर-खाली 1-1 मिमीची पीपी शीट, 200 डिग्रीला 5 मिनिटं फुल दाबलं, उघडलं. वरनं एकदम चकाचक, पण हॅक्सॉनं कापलं तर मधली दोन कापडं पांढरीफट्ट, नखानं सुटतात. बाजूनं पीपी मात्र भरपूर बाहेर आलंय. टेंपरेचर वाढवू का?

गुऱ्हाळाशेजारी:
भावा टेंपरेचर नको वाढवू, पीपी 165 च्या आसपास वितळतंय, 200 बास. पॉलिस्टर रेझिन तेलागत पळतंय, आपसूक मुरतंय, वितळलेलं पीपी म्हणजे वाफ्यात ओतलेला गूळ निवत आल्यावर असतो तसलं घट्ट, ते 4 कापडांतनं आरपार जाणार कधी? जाडी दुप्पट झाली की मुरायला वेळ चौपट लागतोय. म्हणून फिल्म, कापड, फिल्म, कापड असं रच. आणि 60 टन म्हणजे तुझ्या डायवर चौरस सेंटीमीटरला 66 किलो पडतंय, मुरायच्या आधीच पीपी बाजूनं पळतंय. मी 15-20 किलोवर ठेवतो.

पॉलिमरवाली_ताई:
कापड एफआरपीचं उरलेलं आहे का? त्यावरचं सायझिंग, म्हणजे काचेच्या धाग्यांवरचा पातळ लेप, पॉलिस्टरसाठी असतं, पीपी काचेला धरतच नाही, मुरलं तरी सोलून निघेल. पीपीला चालणारं सायझिंग सांगूनच कापड मागवा, आणि फिल्ममधे मॅलिक अनहायड्राइड जोडलेलं पीपी थोडं मिसळून घ्या, त्यानंच पकड येते. दुसरं म्हणजे गरम असताना प्रेस उघडू नका. कापड स्प्रिंगसारखं फुगतं आणि आत पोकळ्या राहतात. डाय 80 पर्यंत येईस्तोवर दाब तसाच ठेवा.

गोकुळ_शिरगाव:
ताईंचं पटतंय, पण डाय दर नगाला तापवायचा आणि निववायचा म्हणजे दिवसाला किती नग निघणार? नग जास्त असतील तर आधीच मुरवलेली तयार शीट घ्या, इन्फ्रारेड ओव्हनमधे मऊ करून कमी तापलेल्या डायमधे दाबा, मिनिटभरात नग बाहेर. नाहीतर काच आणि पीपीचे धागे एकत्र असलेलं कापड मिळतं, त्यात पीपीला लांब जायलाच लागत नाही. महिन्याला नग किती?

शिरोलीचा_प्रेसवाला:
ताई, बरोबर ओळखलंत, कापड एफआरपीचंच होतं. काल 0.3 मिमीच्या 5 फिल्म आणि मधे 4 कापडं, 20 किलोवर 10 मिनिटं, आणि 80 ला आल्यावरच उघडलं. कापून बघितलं, मधे पांढरं नाही राव! फक्त एका कोपऱ्यात अंगठ्याएवढा डाग आहे, तिथला हीटर कमी तापतोय वाटतं, उद्या थर्मोकपल (टेंपरेचर मोजायचा सेन्सर) लावून बघतो. जोर लावला की सोलतंय अजून, नवीन कापडाचं सॅम्पल मागवलंय. नग महिन्याला 200 आहेत, दादा, तेवढ्याला ओव्हन परवडेल का?