‘कॉन्स्पिरसी थिअरी’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या 1963 मधल्या हत्येवरचा एक लेख मराठीत आणते आहे. बातम्यांत ‘षड्यंत्र सिद्धांत’ सर्रास दिसतो, पण मला तो खटकतो. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: खटकायलाच हवा. सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेला निष्कर्ष. जे सिद्धच व्हायचं आहे त्याला सिद्धांत म्हटलं की निकाल आधीच लागतो. ‘षड्यंत्र’ही नको, मराठीला ‘कट’ पुरतो. कट रचतात, शिजतो, फसतो, उधळला जातो. इतकी क्रियापदं ज्याच्याभोवती आहेत तो शब्द सोडू नका.

मात्र तो जपून वापरा. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्या खुनाला बेधडक कट म्हणा. 14 एप्रिल 1865 च्या रात्री मारेकरी बूथनं नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडली, त्याच सुमारास त्याचा साथीदार परराष्ट्रमंत्री सूअर्ड यांच्या घरात सुरा घेऊन घुसला होता. पुढे चौघे फासावर गेले. केनेडींच्या बाबतीत तसं नाही. 1964 मध्ये हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगानं मारेकरी ऑस्वाल्ड एकटाच होता असं सांगितलं. 1979 मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाची समिती ‘बहुधा कट असावा’ म्हणाली, पण तिचा मुख्य आधार असलेली पोलिसांची ध्वनिफीत तज्ज्ञांनी 1982 मध्ये मोडीत काढली. तिथे ‘कटाचा संशय’ किंवा ‘कटाचे तर्कवितर्क’ लिहा.

विचारणा: लेखात गॅलप या संस्थेची जनमत पाहणी आहे. 2023 मध्येही 65 टक्के अमेरिकनांना ऑस्वाल्ड एकटा नव्हता असं वाटत होतं. याला ‘अफवा’ म्हणू का?

प्रतिसाद: मुळीच नको. अफवा उठते आणि विरते. हा समज साठ वर्षं टिकला आणि त्याला खतपाणी सरकारनंच घातलं. क्यूबाचा नेता कॅस्ट्रो याला मारण्याचे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे बेत वॉरन आयोगाला कळू दिले नव्हते, आणि सीआयएचे माजी प्रमुख अ‍ॅलन डलेस त्याच आयोगाचे सदस्य होते! हे बेत अधिकृतपणे लोकांपुढे आले ते 1975 मध्ये, अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीमुळे. अशा लोकांच्या संशयाला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘समज’ लिहा, ‘गैरसमज’ नको.

विचारणा: आणि ‘रिडॅक्टेड’?

प्रतिसाद: ‘काळ्या पट्ट्या मारलेला मजकूर’. लांब आहे, पण डोळ्यांपुढे कागद उभा राहतो. केनेडींचे सल्लागार श्लेसिंजर यांनी 1961 मध्ये केनेडींना सीआयएबद्दल पाठवलेलं टिपण पाहा. त्यातला एक भाग कित्येक दशकं झाकलेला होता. 2025 मध्ये पट्टी निघाली तेव्हा खाली काय होतं? परदेशातल्या अमेरिकी वकिलातींत मुत्सद्दी म्हणून बसवलेल्या सीआयएच्या माणसांचा हिशेब. खुनाचा त्यात मागमूस नाही.

म्हणून ‘दडवलं’ आणि ‘कट केला’ ही क्रियापदं एकमेकांच्या जागी वापरू नका. ‘गोपनीय’ हा कागदावरचा शिक्का, ‘दडवणं’ ही माणसांची करणी. लेखात असं वाक्य लिहिता येईल: ‘सरकारनं कागद दडवले, त्यामुळे कट झाला असावा हा समज बळावला.’ त्यातला ‘असावा’ मात्र गाळू नका.